कालसर्प : पत्रिकेतली भीती आणि आकाशातले गणित

नाशिकपासून तीसेक किलोमीटरवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी असलेल्या त्र्यंबकेश्वरला देशभरातून भाविक येतात. ज्योतिर्लिंगाचे दर्शन आणि कुशावर्तातले स्नान यांसाठी येणाऱ्यांबरोबर आणखी एक वर्ग तिथे असतो. कुणाचे लग्न जमत नाही, कुणाला मूल होत नाही, कुणाचा धंदा बसला आहे, आणि कुणीतरी जन्मतारीख पाहून सांगितलेले असते की पत्रिकेत कालसर्प आहे, शांती करावी लागेल. देवावरची श्रद्धा आणि तीर्थाचे माहात्म्य हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे, त्यात इथे शिरायचे नाही. प्रश्न आहे तो जन्मतारखेच्या आधारे केल्या जाणाऱ्या दाव्याचा. जन्माच्या वेळी ग्रह एका विशिष्ट रचनेत होते म्हणून या माणसाच्या आयुष्यात अडथळे येतात, हे विधान तपासून पाहता येते, आणि ज्याला त्याची भीती घातली जाते त्याला ते तपासण्याचा हक्क आहे.

पहिला गैरसमज असा की कालसर्प हा प्राचीन शास्त्राने सांगितलेला दोष आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहज्जातक’ या जातकशास्त्राच्या पायाभूत ग्रंथात राहू-केतूंच्या एका बाजूला सातही ग्रह सापडणे असा कालसर्प योग नाही. त्यात ‘सर्प’ नावाचा एक योग आहे, पण तो पापग्रह पत्रिकेतल्या केंद्रस्थानांत असण्याशी संबंधित आहे, राहू-केतूंशी नाही. नामसाधर्म्यामुळे पुष्कळांची इथेच फसगत होते. खुद्द ज्योतिषांमध्येही या योगाबद्दल एकमत नाही. के. एन. राव यांच्यासारख्या ज्येष्ठ ज्योतिषाने या भीतीविरुद्ध स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. नारायण नागबली आणि कालसर्प शांती एकच, हाही समज चुकीचा आहे. नारायण नागबली हा तीन दिवसांचा विधी अतृप्त पितरांसाठी आणि नागहत्येच्या दोषासाठी केला जातो. त्याचा आधार कुटुंबातली घटना हा आहे, पत्रिकेतली ग्रहस्थिती नव्हे.

दुसरा गैरसमज अधिक खोलवर रुजलेला आहे : हा दोष ‘माझ्या’ पत्रिकेत आहे, म्हणून तो माझ्या नशिबाचा भाग आहे. इथे थोडे आकाशाकडे पाहायला हवे. राहू आणि केतू हे ग्रहगोल नाहीत. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदते ते हे दोन बिंदू. ते नेहमी परस्परांसमोर, १८० अंशांवर असतात आणि उलट्या दिशेने सरकत सुमारे १८.६ वर्षांत फेरी पूर्ण करतात. ग्रहण राहू-केतूंमुळे नव्हे, सावलीमुळे होते हे तर आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच मांडले होते. आता सूर्य या बिंदूंमधल्या एका अर्ध्या भागात साधारण १७३ दिवस राहतो. बुध आणि शुक्र सूर्यापासून फार दूर जात नाहीत, त्यामुळे ते बहुधा त्याच्याच बाजूला असतात. मंगळ, गुरू आणि शनीही त्या बाजूला आले की उरतो फक्त चंद्र. तो प्रत्येक महिन्यात साडेतेरा दिवस एका अर्ध्यात आणि तितकेच दिवस दुसऱ्या अर्ध्यात असतो. म्हणजे अशा काळात चंद्र त्या बाजूला असेपर्यंत पृथ्वीवर जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पत्रिकेत कालसर्प निघणार, आणि चंद्राने बिंदू ओलांडला की पुढच्याच बाळाची त्यातून सुटका होणार. भारतात रोज साठ हजारांच्या आसपास मुले जन्माला येतात. तेरा दिवसांत ही संख्या पावणेआठ लाखांच्या घरात जाते. एवढ्या सगळ्यांची लग्ने रखडतात, धंदे बुडतात असे दिसत नाही. अनंत, कुलिक, वासुकीपासून शेषनागापर्यंतचे बारा प्रकारही माणसाला वेगळे काढत नाहीत. राहू पत्रिकेतल्या कोणत्या स्थानी आहे यावर ते ठरतात आणि लग्नरास दिवसभरात बाराही राशींतून फिरते. म्हणून बाराही प्रकार एकाच दिवसात जन्माला येतात.

ही अडचण केवळ आपल्या पद्धतीची नाही. चीनमध्ये जन्माचे वर्ष, महिना, दिवस आणि प्रहर यांची प्रत्येकी दोन अशी आठ अक्षरे मांडून भविष्य सांगतात. दहा आणि बारा चिन्हांच्या जोड्यांतून साठांचे चक्र तयार होते. आपल्या प्रभव-विभवादी साठ संवत्सरांमुळे मराठी वाचकाला ते परके वाटू नये. या पद्धतीने एकूण ५,१८,४०० वेगवेगळ्या पत्रिका संभवतात. संख्या मोठी वाटते, पण जगाच्या ८०० कोटी लोकसंख्येत एकेका पत्रिकेचे सरासरी पंधरा हजारांहून अधिक मालक निघतात. पद्धत गुंतागुंतीची आणि जुनी आहे एवढ्यावरून तिचे भाकीत खरे ठरत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की पंचांगातले ग्रहण मिनिटाबरोबर येते, सिंहस्थ बारा वर्षांनी ठरल्या वेळी भरतो, मग पत्रिका खोटी कशी? ग्रहण आणि गुरूचा सिंह राशीतला प्रवेश हे खगोलगणित आहे आणि ते निर्विवाद खरे आहे. गुरू सिंह राशीत गेला हे सांगणे एक आणि त्यामुळे अमक्याचे लग्न मोडेल हे सांगणे दुसरे. पहिल्याची खातरजमा दुर्बिणीने होते, दुसऱ्याची माणसांच्या आयुष्यांवरूनच करावी लागते. पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी तशी चाचणी घेतली आणि २००९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्या पत्रिका हुशार विद्यार्थ्यांच्या आणि निम्म्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या, अशा दोनशे पत्रिका त्यांनी जमवल्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून कोणती कोणाची ते सांगितले. सरासरी यश ४६ टक्के आले. नाणे उडवूनही ५० टक्के उत्तरे बरोबर येतात. एका ज्योतिष संस्थेने दोनशेही पत्रिका पाहिल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर निघाली. जन्मवेळा चुकल्या असतील, हे अशा वेळी सांगितले जाणारे कारण कालसर्पाला तर लागूच पडत नाही, कारण तो योग मिनिटांवर नव्हे, दिवसांवर टिकतो. ‘शांती केल्यावर लग्न जमले’ या अनुभवातही एक उणीव राहते. शांती न करता ज्यांचे जमले आणि करूनही ज्यांचे जमले नाही, त्यांची नोंद कोणी ठेवत नाही.

शेवटचा युक्तिवाद सौम्य वाटतो : मनाला समाधान मिळत असेल तर करून टाकायला काय हरकत? समाधानासाठी केलेल्या पूजेला हरकत नाहीच. भीतीपोटी घेतलेल्या निर्णयांना मात्र आहे. चिनी कालचक्रातले ‘अग्नी-अश्व’ वर्ष जपानमध्ये मुलींसाठी अशुभ मानतात, त्या वर्षी जन्मलेली स्त्री नवऱ्याला बाधते असा समज आहे. १९६५ मध्ये तिथे सुमारे १८ लाख २४ हजार जन्म झाले होते, १९६६ या अग्नी-अश्व वर्षात ते १३ लाख ६१ हजारांवर आले आणि १९६७ मध्ये १९ लाखांच्या पुढे गेले. आकाशाने काहीही केले नव्हते, कॅलेंडरवरच्या एका समजुतीने लाखो घरांचे निर्णय बदलले. आपल्याकडे मंगळ किंवा कालसर्प निघाला म्हणून चांगले स्थळ नाकारले जाते, मूल होत नसताना डॉक्टरांकडच्या तपासण्या लांबतात, कर्ज काढून प्रवास आणि विधी केले जातात. या दोषाचे सिद्ध झालेले नुकसान एवढेच आहे आणि ते ग्रहांनी केलेले नाही.

म्हणून पत्रिकेत कालसर्प निघाला तर घाबरू नका. त्र्यंबकेश्वरला जरूर जा, दर्शन घ्या, गोदावरीच्या उगमापाशी हात जोडा, पण दोषाच्या धाकाने नव्हे. मुलीचे स्थळ पाहताना तिचे शिक्षण, स्वभाव आणि तिची इच्छा विचारा. मूल होत नसेल तर आधी नवरा-बायको दोघांची वैद्यकीय तपासणी करून घ्या. जन्मतारीख माणसाने निवडलेली नसते, तिच्यासाठी त्याला दोषी ठरवण्याचा अधिकार कोणत्याही पत्रिकेला नाही.