न्हाणीच्या पाण्यावरची कर्दळ

औशातल्या आमच्या घरामागं, न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं, कर्दळीचं एक बेट आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्याकडंही सांडायला पाणी उरलं नव्हतं. कर्दळ जमिनीपर्यंत वाळली. "गेली," आई म्हणाली. पाऊस पडला आणि त्याच जागेवर कोंब वर आले.

हे कसं झालं? कर्दळ हळदीच्या आणि आल्याच्या नात्यातली. तिचा कंद म्हणजे जमिनीखाली आडवं वाढणारं खोड. त्यात पिठूळ अन्न साठलेलं असतं आणि त्यावर डोळे असतात. पानं वाळली की त्यांतून पाणी उडणं थांबतं. डोळे ओल येईपर्यंत गप्प बसतात.

दुसरी गंमत उलटी आहे. पाणी साचलं की बहुतेक झाडांची मुळं गुदमरतात. कर्दळीच्या आत मात्र हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून हवा मुळांपर्यंत जाते. मुळांभोवतीचे जिवाणू सांडपाण्यातली घाण कुजवतात. त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस झाड वापरतं. म्हणूनच सांडपाणी शुद्ध करायच्या वाफ्यांत अनेक देशांत कर्दळ लावतात.

मग कुठलंही सांडपाणी सोडलं तर चालेल का? इथंच मी चुकलो. कपडे धुतलेलं पाणीही मी तिकडंच वळवलं होतं. धुण्याच्या सोड्यातलं सोडियम आपल्या काळ्या मातीच्या कणांवरचं कॅल्शियम हटवतं. कण सुटे होतात, मातीतल्या फटी बुजतात आणि पाणी मुरत नाही. आमच्याकडं डबकं झालं, डास झाले. आता अंघोळीचं आणि भाज्या धुतलेलं पाणीच तिकडं जातं, साबणाच्या फेसाचं नाही.

लावायची असेल तर पावसाच्या तोंडावर जुनं बेट खणा. प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे ठेवा, चार बोटं खोल आणि हातभर अंतरावर लावा. ऊन भरपूर हवं. फुलून गेलेला दांडा बुडातून कापा. तो परत फुलत नाही, नवीन कोंबाला जागा होते. तीन-चार वर्षांनी गर्दी झाली की बेट फोडून शेजाऱ्यांना द्या.

आपल्याकडं पाणी एकदाच वापरून सोडून देणं परवडत नाही. तुमच्या न्हाणीचं पाणी कुठं जातं, आज जरा मागं जाऊन बघा.