धरणातली मासेमारी कशी जोखायची?

दर पावसाळ्यात बातमी येते, अमुक धरणात इतके लाख मत्स्यबीज सोडले. अमळनेरच्या आसपास, तापी-गिरणा-बोरीच्या खोऱ्यात धरणांचा ठेका मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे असतो, आणि संस्थेचे काम बरे चालले की वाईट, हे पुष्कळदा या एका आकड्यावर ठरते. पण तो आकडा पेरणीचा आहे, पिकाचा नव्हे. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले, सोडले तर आकडा फुगतो, मात्र मोठे मासे त्यातले बहुतेक फस्त करतात. बोटभर लांबीची बोटुकली संख्येने थोडी असली तरी जगण्याची शक्यता कितीतरी जास्त. त्यातून पुरात हतनूरसारख्या धरणाचे दरवाजे उघडले की पाण्याबरोबर मासेही खाली निघून जातात.

मग एकूण उत्पादन पाहावे का? त्यातही फसगत आहे. व्ही. व्ही. सुगुणन यांनी 1995 मध्ये मांडलेल्या देशव्यापी आढाव्यात लहान जलाशयांचे हेक्टरी उत्पादन वर्षाला सुमारे 50 किलो, तर मध्यम आणि मोठ्यांचे 11 ते 12 किलो होते. म्हणजे लहान जलाशयातले 30 किलो कमीच म्हणायचे आणि मोठ्या धरणातले 20 किलो चांगले. हे न पाहता दोन संस्थांना एकाच यादीत बसवणे अन्यायाचे आहे.

पावसाचा हिशेबही धरावा लागतो. सातपुड्यापलीकडे, मध्य प्रदेशातल्या तवा धरणाचा ठेका 1996 च्या अखेरीस विस्थापित आदिवासींच्या तवा मत्स्य संघाला मिळाला. उत्पादन झपाट्याने वाढले, पुढे कमी पावसाच्या वर्षांत उतरले. नुसते टन मोजणाऱ्याला कारभार बिघडला असेच वाटेल. पण बीज किती सोडले, मासेमाराला किलोमागे काय मिळाले, प्रजननाच्या काळात जाळी खरोखर पाण्याबाहेर राहिली का, या प्रश्नांची उत्तरे पावसावर अवलंबून नसतात. संघाची परीक्षा खरी तिथेच होते.

जाळ्यामागे किती मासा मिळतो ही एक खूण, पण तीही चकवू शकते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरचा कॉड मासा 1992 मध्ये जवळपास संपला. सरकारला मासेमारी थांबवावी लागली आणि हजारो लोकांचा रोजगार गेला. तोवर मोठ्या बोटींना मासा चांगला मिळतच होता, कारण उरलासुरला कॉड थव्याने एकत्र येई आणि बोटी नेमक्या तिथेच पोचत. बोटीमागचा हा भरघोस आकडा शास्त्रज्ञांच्या अंदाजालाही चकवून गेला. म्हणून जाळ्यामागे किती किलो हे मोजायचे तर त्याच आसाचे (भोकांच्या मापाचे) जाळे, त्याच चार-सहा ठिकाणी, तितकेच तास लावायला हवे.

दुसरी खूण वजनकाट्यावर दिसते. चांगल्या पाण्यात वर्षात किलोभर होणारा कटला बाजारात पाव-अर्ध्या किलोचाच येऊ लागला, तर जाळ्याचा आस बारीक झाला किंवा मासा वाढायच्या आत उपसला जातोय, असे समजावे. समुद्रातल्या अनेक जातींसाठी महाराष्ट्राने 2023 मध्ये पकडण्याची किमान लांबी ठरवली, तीही याच हेतूने. शेजारच्या ढिगात चिलापी किती, हेही पाहावे. ती साचल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वीण घालते, गर्दी झाली की खुरटी राहते आणि रोहू-कटल्याच्या तोंडचा घास पळवते. तिचा वाटा वर्षागणिक वाढत असेल तर सोडलेले बीज वाया जात आहे, हे ओळखावे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. उतरवण्याच्या जागी दर आठवड्याला पन्नास मासे जातवार मोजून वजन टिपले तरी वहीत वर्षभराचे चित्र उभे राहते. संस्थेच्या सभासदांनीच लिहिलेली वही असेल तर ती तपासायलाही सोपी, आणि ठेक्याच्या वादात हाताशी येणारी.

अमळनेर तालुक्यात पाडळसे इथे निम्न तापी प्रकल्पाचे काम कित्येक वर्षे रेंगाळले आहे. तिथे कधीतरी नवे पाणी उभे राहील. नव्या जलाशयात बुडालेल्या झाडाझुडपांचा सेंद्रिय गाळ मिळत असल्याने पहिली काही वर्षे मासळी जोरात येते आणि मग ओसरते. त्या सुरुवातीच्या पिकावर ठेक्याची रक्कम किंवा अपेक्षित उत्पादन ठरवले, तर पुढची संस्था पहिल्याच दिवशी नापास ठरेल. पाणी चढायला लागेल त्याच हंगामात वही सुरू करायला हवी.