कंबरेची नेत्सुके बाटलीच्या गळ्यात

जपानच्या नागानो प्रांतात, असामा ज्वालामुखीच्या पायथ्याशी, करुइझावा नावाची एक लहान डिस्टिलरी होती. ती १९५५ साली सुरू झाली आणि २००० साली तिथलं दारू गाळणं थांबलं. पुढे ती कायमची बंद झाली. तिथं १९६० साली गाळलेली व्हिस्की शेरीच्या एका पिंपात बावन्न वर्षं मुरत होती. पिंप क्रमांक ५६२७. लाकडातून दारू दरवर्षी थोडी थोडी उडून जाते. २०१३ साली ती विक्रीला आली तेव्हा जेमतेम ४१ बाटल्या भरल्या, सगळी मिळून तीस लिटरही नाही. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात एक जुनी कोरीव नेत्सुके बांधली होती आणि तिच्यावरूनच बाटलीला नाव दिलं होतं.

मी लाकूड कोरते, त्यामुळे माझा जीव अडकला तो नेत्सुकेत. किमोनोला खिसे नसतात. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८च्या दरम्यान, पुरुष तंबाखूचा बटवा किंवा औषधांची नाजूक डबी दोरीला लावून कंबरपट्ट्याखाली लोंबती ठेवत. दोरी पट्ट्यामागून वर काढायची आणि ती निसटू नये म्हणून वरच्या टोकाला एक अडकण बांधायची. ही अडकण म्हणजे नेत्सुके. हस्तिदंताची किंवा बॉक्सवुडसारख्या घट्ट लाकडाची, चिमटीत मावणारी.

एवढ्याशा वस्तूवर किती बंधनं! रेशमात अडकेल असं एकही टोक बाहेर नको. उंदीर कोरायचा तर शेपटी अंगाभोवती वळवूनच घ्यावी लागते. कंबरेवर ती कशीही फिरणार, म्हणून पोटाखालची बाजूही तितकीच नीट कोरायची. दोरीसाठी दोन भोकं हवीत, पण ती चित्र बिघडवणार नाहीत अशा जागी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये अशा नेत्सुके मी काचेला नाक लावून पाहिल्या आहेत. माणसांच्या बोटांनी घासून गुळगुळीत झालेल्या पाठी पाहिल्या की कळतं, कोरणाऱ्याचं काम वापरणाऱ्यानं पूर्ण केलंय. पॉलिश पेपरनं ती झिलई येत नाही.

या दुर्मिळ व्हिस्कीला नेत्सुकेची जोड देणाऱ्याची नजर चांगली होती, असं मला मनापासून वाटतं. दोन्ही वस्तूंना काळानं घडवलंय. पण व्हिस्की आणि जपानी कला यांचं याहून खोल नातं लाकडात आहे. दुसऱ्या महायुद्धात परदेशी पिंपं मिळेनाशी झाली तेव्हा जपानी कारागीर आपल्याच मिझुनारा ओककडे वळले. हे लाकूड वाकडंतिकडं वाढतं, सच्छिद्र असतं, पिंपं झिरपतात. कुठल्याही सुताराला नकोसं वाटावं असं. व्हिस्की त्यात तरुण असताना नुसती लाकडाळ लागते. पुष्कळ वर्षं गेली की मात्र तिला चंदनाचा, धुपाचा वास येतो. ज्या देशात सुगंधी लाकडाचा तुकडा मंद आचेवर ठेवून त्याचा आस्वाद घेण्याची ‘कोदो’ ही कला शतकानुशतकं जपली गेली, तिथं हा वास ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. एका स्नेह्यानं टोकियोहून आणलेल्या साध्याशा बाटलीतही मला तो सापडला, सहाणेवर ओलं खोड फिरवल्यावर येतो तसा.

२०२० साली सनटोरी या जपानी कंपनीनं ‘यामाझाकी ५५’ ही व्हिस्की काढली. त्यात १९६० साली गाळून मिझुनारात मुरवलेली आणि १९६१ साली गाळून व्हाइट ओकमध्ये मुरवलेली व्हिस्की आहे. बाटलीच्या तोंडावर एचिझेनचा हातकागद, त्याला क्योतोच्या पद्धतीनं विणलेली दोरी आणि पेटी मिझुनाराची, वर लाखकाम. पेयाच्या एका भागाचं आणि पेटीचं लाकूड एकच! ही जोडी मला करुइझावाच्या जोडीपेक्षाही जास्त पटते, कारण इथं कला गळ्यात बांधलेली नाही, ती पिंपापासून सुरू होते.

आता या बाटल्या कोण उघडतं? त्याच वर्षी करुइझावाच्या त्या ४१ बाटल्यांपैकी ‘झोडिअक रॅट’ ही लंडनला सदबीजच्या लिलावात ३,६३,००० पौंडांना गेली. एवढ्या किमतीची बाटली तिजोरीत जाते आणि तिच्याबरोबर नेत्सुकेही. व्हिस्की काचेत आणखी मुरत नाही, पण निदान टिकते. नेत्सुकेचं तसं नाही, तिला हात लागायला हवेत. लिलावाआधी या बाटल्या लोकांना बघायला मांडतात. तेव्हा तेवढी दोरीची गाठ सोडावी आणि येणाऱ्या प्रत्येकाला नेत्सुके घटकाभर हातात धरू द्यावी, एवढी माझी मागणी आहे. हात मात्र स्वच्छ धुतलेले असावेत.