घडीची पोळी आणि काटकोनी साचा

जस्ताचा मुलामा दिलेल्या जुन्या बादलीवर पानाफुलांसारखी चंदेरी नक्षी दिसते. ती नक्षी म्हणजे जस्ताचे स्फटिक, म्हणजेच कण. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियमही कणांचेच बनलेले असतात, पण ते सहसा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. कण बारीक तेवढा धातू कणखर, हे १९५१ मध्ये हॉल आणि १९५३ मध्ये पेच यांनी पोलादावर दाखवून दिलं. दोन कणांमधली सीमा धातूच्या आतल्या सरकण्याला आडवी येते. सीमा वाढल्या की अडवणूक वाढते.

कण बारीक करायचे कसे, हा खरा पेच. धातू लाटला, ठोकला की कण चिरडले जातात, पण वस्तूही पातळ होत जाते. शेवटी हाती पत्रा नाहीतर तार.

यातून वाट निघाली सत्तरच्या दशकात, सोव्हिएत काळातल्या मिन्स्कमध्ये. व्लादिमीर सेगल यांनी साच्यात काटकोनात वळणारी एक वाहिनी केली. वळणाआधी आणि वळणानंतर तिची रुंदी सारखीच. दट्ट्याने सळई आत रेटायची. कोपऱ्यावर धातू कातरला जातो आणि पलीकडे निघतो तेव्हा जाडी होती तेवढीच. म्हणजे तीच सळई पाव वळसा फिरवून पुन्हा आत घालता येते. अशा चार फेऱ्यांत शुद्ध ॲल्युमिनियमचे मिलिमीटरभराचे कण सव्वा मायक्रोमीटरच्या आसपास येतात. इतका साधा साचा आधी कुणाला सुचला नसेल, यावर विश्वास बसत नाही.

तरी याचा बोलबाला व्हायला वेळ लागला. उफा शहरात रुस्लान वालिएव आणि सहकाऱ्यांनी १९८८ पासून या अतिबारीक कणांचे गुण मांडले, आणि नव्वदच्या दशकात जपानचे होरिता, अमेरिकेतले लँगडन असे लोक त्यात उतरले. वालिएव दाबाखाली चकती पिळण्याची रीतही वापरत. तिचं मूळ हार्वर्डच्या ब्रिजमन यांच्या १९३५ च्या प्रयोगांत आहे.

एक अडचण लगेच दिसली. शुद्ध धातू तापवला की कण पुन्हा फुगतात. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत जेमतेम ०.२ टक्का स्कँडियम घातल्यावर ते जागच्या जागी राहिले आणि ४०० अंश सेल्सिअसला तुकडा दोन हजार टक्क्यांहून अधिक ताणला गेला. एक सेंटिमीटरचे वीस सेंटिमीटरहून जास्त, तेही न तुटता! मॅग्नेशियमने मात्र छळलं. त्याच्या षट्कोनी रचनेत सरकायच्या वाटाच थोड्या, त्यामुळे थंड असताना ते कोपऱ्यावर तडकायचं. साचा तापवावा लागला, शिवाय सळई आधी बारीक छिद्रातून दाबून काढावी लागली.

जाडी न घटवता कण बारीक करायची आणखी एक रीत निघाली. ओसाकात १९९८ च्या सुमारास सायतो, त्सुजी प्रभृतींनी केलं ते आपल्या घरच्या घडीच्या पोळीसारखं: पत्रा लाटायचा, अर्धा कापून एकावर एक ठेवायचा, पुन्हा लाटायचा. दहा फेऱ्यांत १०२४ थर. फरक एवढाच, की पोळीत पदर सुटावेत म्हणून तेल लावतात. इथे ते चिकटावेत म्हणून तेलाचा अंशही पुसून तारेच्या ब्रशने पत्रा खरवडतात.

मथळे गाजले ते पिळलेल्या चकत्यांचे. सिडनीत तपासलेल्या ७०७५ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद २०१० मध्ये एक गिगापास्कलवर गेली, नेहमीच्या दुप्पट. पण ती चकती नाण्याएवढी! विमानाचा पंख नाण्यांचा होत नाही, आणि माझ्या मते या विषयाचं गाडं बरीच वर्षं तिथेच रुतलं. सलग लांब सळई काढणारी यंत्रं या शतकात आली, ती प्रामुख्याने टायटॅनियमच्या दंतरोपणांसाठी उपयोगी पडली.

सेगल यांची वाहिनी मोठ्या आकारात खरी चालली ती वेगळ्याच जागी. चिप बनवताना ज्या ॲल्युमिनियमच्या पाट्यांवर आयनांचा मारा करून अणू उडवतात आणि त्यांचा पातळ थर बसवतात, त्या पाट्या या रीतीने घडवल्या गेल्या. कण बारीक आणि एकसारखे असले की थरही एकसारखा बसतो. अमेरिकेत गेल्यावर सेगल स्वतः याच कामात होते.