अजून न जिंकलेले घोडे

तीन वर्षांचे घोडे, आजवर एकही शर्यत न जिंकलेले. अंतर १२०० मीटर. नरांना ५६ किलो, माद्यांना ५४.५. महालक्ष्मीच्या हिवाळी मोसमात रेसच्या पुस्तकात असं एक पान हमखास सापडतं. अशा शर्यतीला मेडन म्हणतात. खाली दहा-बारा नावं असतात. काहींच्या पुढे मागच्या धावांची जागा रिकामी, काहींच्या पुढे एक-दोन ओळी. बहुतेक रेसकर हे पान भराभर उलटतात, कारण पुढच्या शर्यतीतल्या घोड्यांचा दोन-तीन वर्षांचा हिशेब छापून आलेला असतो आणि त्यावर बोट ठेवून वाद घालता येतो. मी मात्र सगळ्यात जास्त वेळ या रिकाम्या पानावर घालवतो. घोडा ओळखण्याची खरी विद्या इथेच लागते, असं माझं ठाम मत आहे.

मी आंबिवलीचा. नोकरी केली ती मोहोन्याच्या रेयॉन कारखान्यात, सुताच्या चाचणी खात्यात. लहानपणी पाहिलेले घोडे म्हणजे कल्याण स्टेशनाबाहेरच्या टांग्यांचे. रेसकोर्स दाखवला तो खात्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी. रविवारी टिटवाळ्याहून येणारी लोकल धरायची, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेवर जायचं आणि महालक्ष्मीला उतरायचं. ते मला पहिल्यांदा तिकीटखिडकीकडे न नेता पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागेच्या, कठड्याशी घेऊन गेले आणि म्हणाले, ‘‘हे बघ, आज पैसे खिशातच ठेव. आधी घोडे चालतात कसे ते बघून घे.’’

मेडन शर्यत वेगळी का, हे कळण्यासाठी हँडिकॅप म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात आणि कमकुवत घोड्याच्या पाठीवर कमी. हेतू असा, की सगळे एका रेषेत पोचावेत. मुंबई-पुण्याच्या शर्यती चालवणारा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब यासाठी हँडिकॅपर नेमतो. हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला एक आकडा देतो, ते त्याचं रेटिंग. रेटिंगमधला एक अंक म्हणजे अर्धा किलो. एकाच शर्यतीत ४६ आणि ३६ रेटिंगचे घोडे असतील, तर पहिला पाच किलो जास्त घेऊन पळतो. जॉकीचं वजन कमी भरलं, तर खोगिराखालच्या पट्ट्यात शिशाचे तुकडे घालून ते पुरं करतात. घोडा जिंकला की आकडा चढतो, सतत हरला की उतरतो. या आकड्यांवरूनच घोड्यांचे वर्ग पडतात. पाचव्या वर्गातले अगदी खालचे, पहिल्या वर्गातले अव्वल.

आता नवखा घोडा घ्या. तो पळालेलाच नाही, मग त्याला आकडा कशावरून देणार? म्हणून त्याच्यासाठी ठरलेल्या वजनाच्या शर्यती असतात. सगळ्या नरांना एक वजन, माद्यांना दीड किलोची सूट. चांगला-वाईट हा भेद वजनानं मिटवलेला नसतो, तो पूर्ण उघडा असतो. आपल्याला तो माहीत नसतो, एवढंच. काही धावा झाल्या किंवा एखादी शर्यत जिंकली, की हँडिकॅपर त्याला आकडा देतो. तोपर्यंत हँडिकॅपरचं काम कठड्याशी उभ्या असलेल्या माणसानं स्वतः करायचं असतं.

या कामातली पहिली पायरी म्हणजे वय. भारतात थरोब्रेड घोड्याचं वय १ जानेवारीला बदलतं, शिंगरू कधी का जन्मलेलं असेना. इथली शिंगरं साधारण जानेवारी ते मे या काळात जन्मतात. जानेवारीत जन्मलेलं आणि मेमध्ये जन्मलेलं, दोन्ही कागदावर एकाच वयाची. डिसेंबरात ती दोन वर्षांची म्हणून एका शर्यतीत उतरतात तेव्हा एक पस्तीस महिन्यांचं असतं, दुसरं एकतीस महिन्यांचं. आठ वर्षांच्या घोड्याला या चार महिन्यांनी काही फरक पडत नाही. पण ज्याची हाडं अजून पक्की होताहेत, गुडघ्याच्या वरच्या हाडाची वाढ नुकतीच थांबत आलेली आहे, त्याला हे चार महिने फार मोठे. पुस्तकात घोड्याच्या आई-बापांची नावं असतात. जन्मतारीख मिळाली तर तीही बघावी. एप्रिल-मेचं शिंगरू डिसेंबरात पाचवं आलं, तर मी त्याला कच्चं म्हणत नाही, लहान म्हणतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये अॅडमिरल राऊस यांनी वयानुसार वजनाचं कोष्टक बसवलं. लहान घोड्याला मोठ्याबरोबर पळवायचं, तर किती सूट द्यायची, हे त्यात महिन्यागणिक आणि अंतरागणिक लिहिलं होतं. वर्ष पुढे सरकतं तशी सूट कमी होत जाते. अंतर वाढलं की सूटही वाढते, कारण लांब पल्ल्यावर लहान घोडा आधी थकतो. जगभरच्या शर्यती आजही याच विचारावर चालतात. पण हे कोष्टक वर्षांचा फरक मिटवतं. एकाच वर्षात जन्मलेल्या दोन शिंगरांतल्या महिन्यांचा फरक ते मिटवत नाही. तो आपणच ओळखायचा.

माद्यांच्या दीड किलोलाही कमी लेखू नये. थोड्या अंतरावर सव्वा ते दीड किलो म्हणजे साधारण एक लेंथ, म्हणजे घोड्याची एक लांबी, असा ढोबळ हिशेब आहे. २४०० मीटरवर एका लेंथला त्याच्या निम्मं वजनही पुरतं. आपल्याकडची पहिली इंडियन डर्बी १९४३ साली झाली आणि ती प्रिन्सेस ब्युटिफुल या मादीनं जिंकली. २००९-१०च्या मोसमात जॅकलीननं डिसेंबरातल्या दोन्ही गिनीज शर्यती आणि फेब्रुवारीतली डर्बी जिंकली. तीही मादीच. नुसती मादी आहे म्हणून नाव खोडणारे लोक मला अजून भेटतात, तेव्हा मी त्यांना ही दोन नावं सांगतो.

दुसरी पायरी म्हणजे एक-दोन धावांचा अर्थ लावणं, आणि इथे माझी नोकरी मला कामी आली. आमच्या खात्यात सुताचा एकच धागा ताणून तोडला आणि त्यावरून अख्खा लॉट पास-नापास केला, असं कधी होत नसे. एक धागा वाईट निघाला तर कारण शोधायचं, आणखी धागे तोडायचे आणि मगच सही करायची. घोड्याची पहिली धाव हा असाच एक धागा. त्यात नववा नंबर आला, याला फार अर्थ नसतो. नववा कसा आला, याला अर्थ असतो.

नवखा घोडा गेटमधून उशिरा सुटतो, कारण दारं उघडताना होणारा आवाज त्याला नवा असतो. मधे अडकला की पुढच्यांच्या टापांनी उडालेली माती तोंडावर येते आणि तो मान वर करतो. सरळीवर पोचल्यावर लोकांचा आरडाओरडा ऐकून एका बाजूला झुकतो. हे सगळं झाल्यावर शेवटच्या दोनशे मीटरमध्ये त्याला समज येते आणि जॉकीनं चाबूक न उचलताही तो तीन-चार घोड्यांच्या पुढे जातो. निकालात त्याच्यापुढे ‘६’ एवढंच छापतात. माझ्या दृष्टीनं हा सहावा त्या दिवसाचा सगळ्यात मोलाचा घोडा. याउलट पहिल्या उडीपासून पुढे राहून, चाबकाखाली जेमतेम दुसरा टिकलेला घोडा पुढच्या वेळी फेव्हरिट होतो आणि बहुतेकदा त्याच्याकडे देण्यासारखं आणखी काही उरलेलं नसतं. घोडे एका सेकंदात पाच-सहा लेंथ अंतर कापतात. गेटवर अर्धा सेकंद गेला की तीन लेंथ गेल्या. १२०० मीटरची शर्यत सव्वा मिनिटाच्या आत संपते. तेवढ्यात त्या भरून काढणं सोपं नाही. म्हणून शर्यत चालू असताना दुर्बीण पुढच्या घोड्यांवर न धरता मागच्यांवर धरावी.

जो पळालेलाच नाही, त्याच्यासाठी सकाळची कसरत असते. पहाटे वाळूच्या ट्रॅकवर घोडे कामाला काढतात आणि त्यांच्या वेळा वर्तमानपत्रांत, रेसच्या पुस्तकांत छापून येतात: ६०० मीटर ३८ सेकंद, सहज, किंवा ३७ सेकंद, दामटून. नवखे लोक फक्त सेकंद वाचतात. मी पुढचा शब्द आधी वाचतो. दामटून काढलेल्या ३७ पेक्षा सहज काढलेले ३८ कधीही बरे. ट्रॅक आतला होता की बाहेरचा, पाठीवर हलका रायडिंग बॉय होता की शर्यतीत बसणारा जॉकी, बरोबर दुसरा घोडा होता का आणि तो कुठल्या वर्गातला, हेही बघायचं. वरच्या वर्गातल्या घोड्याच्या बरोबरीनं पळालेलं पोर पहिल्याच दिवशी तयार असण्याची शक्यता फार. मोसमात नवख्यांच्या मॉक रेसही होतात. तिथे बक्षीस नसतं, पण गेटमधून सुटण्याचा आणि घोळक्यात पळण्याचा सराव होतो.

वंशावळीबद्दल थोडक्यात सांगतो. बापाची संतती लवकर तयार होते की उशिरा, थोड्या अंतरावर चालते की लांब, एवढं तिच्यातून घ्यावं. पुण्याच्या परिसरातले पूनावाला, येरवडा, नानोली हे स्टडफार्म जुने आणि नावाजलेले. त्यांच्या शिंगरांना पहिल्या दिवशी भाव चांगला लागतो, पण तो नावाचा असतो. मी आईकडे जास्त बघतो. तिची आधीची पोरं किती वयात जिंकली, हे कळलं तर बरंच कळतं.

सगळ्यात शेवटी पॅडॉक. शर्यतीआधी सईस घोड्यांना लगाम धरून फिरवतात. चारशे-साडेचारशे किलोचं जनावर, पण वागणं पोराचं. मांड्यांच्या मधे पांढरा फेस, सारखी झटकली जाणारी मान, डोळ्यांतली पांढरी कड दिसणं, ही घाबरल्याची लक्षणं. अर्धी ताकद त्यातच जाते. याउलट कान पुढे, मागच्या पायांचं लांब पाऊल, सईसला ओढत नेणारी पण न उसळणारी चाल दिसली, की मी त्या नावावर खूण करतो. पोट सुटलेलं असेल तर ट्रेनर या धावेकडे सराव म्हणून बघतोय, असं समजावं. पुढच्या पायांच्या नळीकडेही लक्ष द्यावं. कोवळ्या वयात जोरात पळवलं की नळीच्या पुढच्या बाजूचं हाड दुखावतं. दोन-तीन वर्षांच्या घोड्यांचं हे नेहमीचं दुखणं. अशा घोड्याला जो ट्रेनर परत तबेल्यात नेतो आणि दोन महिने थांबतो, त्याच्या घोड्यांवर माझा विश्वास बसतो. मला या शर्यतींची ओढ आहे, पण त्याहून जास्त काळजी या पोरांची आहे. घाईनं पळवलेला चांगला घोडा कायमचा जातो.

रेसवर पैसे लावणं हा जुगार आहे की कौशल्य, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जानेवारी १९९६ मध्ये डॉ. के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं, की घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग मोठा आहे, तो नुसता नशिबाचा खेळ नाही. घोड्याची जात, तयारी, जॉकीची हुशारी यांचा अभ्यास करता येतो, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो. पण आमच्या वस्तीत कामगारांचे पगार रेसच्या रविवारी संपलेले मी पाहिलेत, म्हणून हेही स्पष्ट सांगतो: मेडन शर्यतीत कितीही अभ्यास केला, तरी माहितीच थोडी असते. दहापैकी सहा घोड्यांबद्दल तुम्हाला काही सांगता येत नसेल, तर तिकीट काढू नये. ती शर्यत पुढच्यासाठी बघावी. घरखर्चाचा पैसा तर कधीच लावू नये.

आणि बघण्यासारखं पुष्कळ असतं, कारण वरच्या दर्जाचे घोडेही याच वाटेनं जातात. हिवाळ्यात १००० ते १२०० मीटरच्या पहिल्या धावा. मग जुलैपासून पुण्याचा मोसम. पावसानं मऊ झालेली जमीन, तीन वर्षांच्या घोड्यांसाठी २००० मीटरची पुणे डर्बी. डिसेंबरात महालक्ष्मीला १६०० मीटरच्या गिनीज. फेब्रुवारीत, कागदावर चार वर्षांचे झाल्यावर, २४०० मीटरची इंडियन डर्बी. म्हणजे डर्बीत उतरणाऱ्या बहुतेक घोड्यांनी ते अंतर आधी कधी पळून पाहिलेलं नसतं. लोक ज्यांना पक्के समजतात, तेही त्या दिवशी अंतराच्या बाबतीत नवखेच.

मुंबईचा मोसम एप्रिलच्या आसपास संपतो. तोवर माझ्या वहीत मेडनमध्ये चौथे ते आठवे आलेल्या घोड्यांची यादी तयार असते. प्रत्येकापुढे सुटला कसा, अडकला कुठे आणि शेवटचे दोनशे मीटर कसे पळाला, हे लिहिलेलं. पुण्याची कार्डं यायला लागली की मी ती नावं शोधतो. काही दिसत नाहीत; कोणी दुखावलेलं असतं, कोणी विकून बंगळूर, हैदराबादला गेलेलं. उरलेल्यांत लांब पल्ल्याच्या आईची, उन्हाळ्यात जन्मलेली, पहिल्यांदाच १६०० मीटरला उतरणारी जी असतील, त्यांच्या नावाखाली मी दोन रेघा ओढतो.