पाणी परत आलं का?

संपादकांचा निरोप एका ओळीचा होता: अणुकचरा पुरायला जागा कशी आहे ते तपासायला खोल भोकं पाडतात म्हणे, तू दिल्लीत आहेसच, तर बघ जरा.

दिल्लीत असं भोक नाही, कागद मात्र आहेत. ६ मे २०१३ रोजी कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की वापरलेल्या इंधनासाठी खोल भूगर्भात कायमची जागा लवकरात लवकर करा. अणुभट्टीही फार लांब नाही. नरोराचं अणुवीज केंद्र बुलंदशहर जिल्ह्यात, गंगेकाठी. म्हणजे सरकारी नकाशाप्रमाणे राजधानी क्षेत्रात, एनसीआरमध्येच. एनसीआर म्हणजे गुडगाव-नोएडा, एवढंच धरून चालणाऱ्या मला हे नवीन होतं.

भोक नाही तर निदान ते पाडणारं यंत्र तरी बघावं, म्हणून मेहरौली-बदरपूर रस्ता गाठला. तिथे एका बोगद्यासाठी खडक तपासायचं बोअरिंग चाललं होतं. खोली जेमतेम ४० मीटर, पण यंत्राची जात तीच. रिगवरचे काका नागपूरकडचे निघाले, कोळशाच्या पट्ट्यात वीस-बावीस वर्षं घालवलेले. माझं मराठी ऐकून त्यांनी एक रिकामा डबा पायाने माझ्याकडे सरकवला. "बसा न भाऊ."

आपल्याकडची बोअरवेल खडकाचा भुगा करून वर फेकते. इथे खडक सबंध हवा असतो. बिट म्हणजे हिरेकणी जडवलेली बांगडी. ती कड कापत खाली जाते आणि मधला दांडा, म्हणजे कोअर, नळीत चढत राहतो. नळी दुहेरी. बाहेरची फिरते, आतली बेअरिंगवर टांगलेली असते, त्यामुळे दांडा पिरगळत नाही. तळाशी एका बाजूला चिरलेली पोलादी कडी. दांडा वर चढताना ती सैल पडते; रॉड उचलले की निमुळत्या खाचेत घसरून ती दांडा असा आवळते की तो बुडाशी मोडून वर येतो. ना वायर, ना बटण. मी ती कडी बराच वेळ हातात फिरवत बसलो. किलोमीटरभर खोल जायचं तर दर तीन मीटरला सगळे रॉड उपसणं परवडत नाही. तिथे आतली नळी तेवढी दोराने ओढून काढतात, विहिरीतल्या पोहऱ्यासारखी.

कोअर पेटीत मांडला. दिल्लीचा क्वार्ट्झाइट, अरवलीचं शेपूट. कठीण खरा, पण भेगाळ. सुपारीची खांडं पडावीत तसे तुकडे. दहा सेंटिमीटरहून लांब तुकड्यांची बेरीज करून ती खोदलेल्या लांबीशी ताडतात, त्याला आरक्यूडी म्हणतात. इथे निम्मीसुद्धा भरेना. अणुकचऱ्यासाठी जागा शोधणारा माणूस ही पेटी बघून परत गाडीत बसला असता.

काका मात्र पेटीकडे बघतच नव्हते. त्यांची नजर भोकाच्या तोंडाशी होती. बिट थंड राहावी म्हणून पंपाने पाणी आत जातं आणि राखाडी होऊन बाहेर येतं. "पाणी परत नाही आलं, त समजायचं खाली तडा आहे," ते म्हणाले. "खडक मागून सांगते. पाणी आधी सांगते."

अणुकचऱ्याची सगळी गोष्ट या वाक्यात बसते, हे मला घरी येऊन कागद चाळताना उमगलं. इंधनावर पुन्हा प्रक्रिया करून जो जहाल कचरा उरतो तो आपल्याकडे काचेत ओततात. तारापूरला हा कारखाना १९८५ पासून आहे. काच आधी काही दशकं जमिनीवरच निवत ठेवायची, मग खडकात. खडकाचा स्वभाव कळावा म्हणून कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे हजार मीटर खाली, हीटर लावून तो तापवूनही पाहिला. पण काचेतला कचरा बाहेर पडणार तो पाण्याच्या पाठीवरूनच. म्हणून या धंद्यात सगळं उलटं आहे. सोनं शोधणाऱ्याच्या भोकात काही लागलं की पेढे; इथे काही लागू नये म्हणून देव पाण्यात. स्वित्झर्लंडने २०१९ ते २०२२ मध्ये नऊ खोल भोकं पाडून मातकट खडकाचा एक कंटाळवाणा थर पक्का केला. फिनलंडने ओंकालोला चारशे मीटरांखाली बोगदेच खणले.

भोक पाडल्याशिवाय खात्री नाही, आणि पाडलेलं प्रत्येक भोक ही पाण्याला आयती वाट. ते बुजवायचं, तेही हजारो वर्षांच्या बोलीवर. ती बोली कुणी द्यायची आणि वरच्या माणसांनी का मानायची, हा तर वेगळाच खडक. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यायालयात कोलारचं नाव निघालं मात्र, तिथले लोक रस्त्यावर आले. मग सरकारने सांगितलं की कोलारला काही नेणार नाही.

मला अस्वस्थ केलं ते कोयनेने. पाटण तालुक्यातल्या गोठण्याला भूकंपाच्या अभ्यासासाठी २०१७ मध्ये तीन किलोमीटरचं भोक पाडलं. कारभार दिल्लीतल्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा. सव्वा किलोमीटर काळा पत्थर, खाली अडीच अब्ज वर्षांहून जुना ग्रॅनाइट. आणि तीन किलोमीटरपर्यंत सापडलेलं पाणी? पावसाचं. कचरा पुरायची खोली साधारण चारशे मीटर ते एक किलोमीटर, हे लक्षात घ्या. कोयनेची जमीन भूकंपाने पिंजलेली आहे आणि तिथे काही पुरायचं कुणाच्या मनात नाही, हे मला कळतं. तरी सह्याद्रीवरचा पाऊस इतका खाली पोचतो हे वाचल्यावर 'अखंड खडक' हा शब्द मी जरा जपून वापरतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर पंप चालू आणि भोकाचं तोंड कोरडं. "गेलं," काका म्हणाले. पोऱ्याने बेंटोनाइटची गोणी फाडून ड्रममध्ये ओतली. ओंकालोत वापरलेल्या इंधनाच्या तांब्याच्या डब्यांभोवती ठासायची ती याच जातीची माती. काकांनी काठीने घोळ ढवळला, पंपाचा पाइप त्यात सोडला. दहा मिनिटं गेली. ड्रम अर्धा झाला.

"अजून एक फोड," ते पोऱ्याला म्हणाले.