मुंबई आणि बीड एकाच रेषेत, मग हुडहुडी बीडलाच का भरते?

नकाशात मुंबईपासून सरळ पूर्वेकडे बोट न्या. साधारण ३०० किलोमीटरवर बीड लागतं. दोन्ही शहरं १९ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, म्हणजे हिवाळ्यातला सूर्य दोघांसाठी सारखाच तिरपा. तरी जानेवारीत मुंबईत पंखे सुरू असतात आणि बीडमध्ये शेकोट्या पेटतात. असं का?

समुद्र लांब, हवा कोरडी

पाणी हळू तापतं, हळू निवतं. त्यामुळे समुद्र मुंबईची रात्र फार गार होऊ देत नाही. मुंबईतलं आजवरचं नीचांकी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ चं. मराठवाड्यात थंडीची लाट आली की पारा १० च्या खाली जाणं नवलाचं नाही.

बीड सह्याद्रीच्या पलीकडे, कोरड्या हवेत. ढग म्हणजे जमिनीवरची गोधडी. हिवाळ्यात ती नसते, म्हणून दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. दुपारी घाम आणि पहाटे स्वेटर, हे त्यामुळेच.

वारा उत्तरेचा

मध्य आशियातली कडाक्याची थंडी हिमालय अडवतो. पण उत्तर भारतात गारठा वाढला की तिथले कोरडे वारे खाली सरकतात. सातपुडा त्यांना पूर्ण रोखण्याइतका उंच नाही. याउलट बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि आभाळ भरून आलं, की थंडी पळते. मग शेतकऱ्याला हरभऱ्यावर घाटेअळी पडण्याची धास्ती.

बालाघाटाचा खेळ

बालाघाटाच्या रांगेमुळे जिल्ह्याचे दोन भाग पडतात. उत्तरेला गेवराई, माजलगावची सखल गंगाथडी. दक्षिणेला पाटोदा, अंबाजोगाईकडचं पठार. दिवसा उंचावर गार वाटतं. पण वारा पडलेल्या रात्री उलटं होऊ शकतं. थंड हवा जड असते, ती उतारावरून ओघळून खोलगट भागात साचते. म्हणून टेकडीवरच्या वस्तीपेक्षा नदीकाठच्या शेतात गारठा जास्त झोंबतो.

मोबाइलवरचा आकडा कुणाचा?

हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पेटीत असतो. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा त्याहून काही अंशांनी गार असते. म्हणजे अ‍ॅपवर ११ दिसलं, तरी जमिनीवर झोपणाऱ्याच्या वाट्याला त्याहून जास्त थंडी येते.

दर हिवाळ्यात बीडमधले लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात. उसाचे फड बहुतेक नदीकाठच्या सखल, पाणथळ पट्ट्यात. राहायला पाचटाची कोपी, अंथरूण जमिनीवर, आणि कोयता हातात घ्यायची वेळ पहाटेची, म्हणजे पारा सगळ्यात खाली असतो तेव्हाची. कोपीत लहान मुलंही असतात. थंडीच्या लाटेचा इशारा आला की सगळ्यात आधी सावध करायला हवं ते त्यांना.